दुर्गाबाई देशमुख : शाळा सुटलेल्या मुलींची थोरली बहीण

नवी दिल्ली : राजधानीतील मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस नावाचे स्थानक आहे. दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात शिकणाऱ्या मुली तेथे उतरतात. ते नाव वाचून मराठी प्रवाशाला या बाई आपल्याकडच्याच असाव्यात असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. देशमुख हे आडनाव त्यांना वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळाले, आणि तोपर्यंत त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम मद्रासमध्ये उभे राहिले होते. शाळा अर्धवट सुटलेल्या, वय उलटून गेलेल्या मुलींना हाताशी धरून परीक्षेपर्यंत नेण्याचे ते काम होते.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी गोदावरीकाठच्या राजमहेंद्री येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. जाणत्या झाल्यावर त्यांनी सासरी नांदण्यास नकार दिला. त्या काळी अशा नकाराची किंमत बहुतेक मुलींना आयुष्यभर मोजावी लागे. दुर्गाबाईंच्या पाठीशी माहेर उभे राहिले आणि ज्याच्याशी लग्न झाले होते त्यानेही हट्ट धरला नाही. हा तपशील चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. परंतु घरातले कोणी पाठीशी असले तर मुलीचे काय होऊ शकते, याचा पहिला अनुभव त्यांना येथे आला असे म्हणावे लागेल. पुढे त्यांनी उभारलेल्या संस्थेत मुलींना नेमका हाच आधार देण्याचा प्रयत्न दिसतो.

असहकाराच्या दिवसांत, बारा वर्षांच्या आसपास असताना, इंग्रजी माध्यमाच्या सक्तीच्या निषेधार्थ त्यांनी शाळा सोडली. शाळा सोडलेली मुलगी त्या काळी घरकामाला लागत असे. दुर्गाबाई हिंदी शिकू लागल्या आणि शिकता शिकताच आसपासच्या मुलींना व स्त्रियांना शिकवू लागल्या. त्यातून बालिका हिंदी पाठशाळा उभी राहिली. गुरू आणि शिष्या यांच्या वयात येथे फारसे अंतर नव्हते. कित्येक विद्यार्थिनी तर शिक्षिकेपेक्षा वयाने मोठ्या होत्या. शिकवणारीला आपण कालच शिकलेला धडा आज दुसरीला द्यायचा होता. दुर्गाबाईंच्या पुढच्या सर्व कामाचे बीज या उलट्या वाटणाऱ्या व्यवस्थेत आहे.

या हिंदीचा उपयोग लवकरच झाला. १९२१ मध्ये महात्मा गांधी काकीनाड्यास येणार होते. देवदासी आणि पडद्यातील मुस्लिम स्त्रिया यांची त्यांच्याशी भेट व्हावी, असा या मुलीचा आग्रह होता. स्थानिक पुढाऱ्यांनी पाच हजार रुपयांचा निधी जमवण्याची अट घातली. देवदासींनीच ती रक्कम उभी केली. सभा झाली आणि गांधीजींच्या भाषणाचा तेलुगू अनुवाद दुर्गाबाईंनी केला. दोन वर्षांनी काकीनाडा काँग्रेसच्या वेळी प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका असताना त्यांनी तिकीट नसलेल्या जवाहरलाल नेहरूंना अडवले होते. तो प्रसंग इतका प्रसिद्ध आहे की येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. देवदासींच्या सभेचा प्रसंग मात्र त्याहून मोलाचा असूनही कमी सांगितला जातो.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहापासून पुढील तीन-चार वर्षांत त्यांना तीनदा तुरुंगवास घडला. मदुराईच्या तुरुंगात त्यांना दीर्घकाळ एकांत कोठडीत ठेवण्यात आले आणि त्यात प्रकृती खालावली. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांची गाठ शिक्षा भोगणाऱ्या सामान्य स्त्रियांशी पडली. आपल्यावर कोणता आरोप होता हे त्यांतल्या अनेकींना धड सांगता येत नव्हते. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन आलेल्याही त्यांत होत्या. अक्षरओळख नाही, न्यायालयाची भाषा कळत नाही आणि बाजू मांडणारे कोणी नाही, अशी त्यांची अवस्था होती. आपण कायदा शिकायचा, हे दुर्गाबाईंनी तेथे ठरवले.

परंतु कायद्याच्या वर्गापर्यंत जायला मॅट्रिक व्हावे लागते, आणि दुर्गाबाईंनी शाळा तर कधीच सोडली होती. विशीच्या मध्यावर, राजकारणात नाव झालेल्या या बाई पुन्हा पाटीपुस्तकाकडे वळल्या. ज्या इंग्रजीसाठी शाळा सोडली तीच भाषा त्या मुळापासून शिकल्या. बनारस हिंदू विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेला नियमित शाळेत न जाता बाहेरून बसता येत असे. दुर्गाबाई त्या वाटेने उत्तीर्ण झाल्या. पुढे राज्यशास्त्र शिकण्याची इच्छा होती, पण बनारसला हा विषय स्त्रियांसाठी खुला नव्हता. म्हणून त्या वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठाकडे वळल्या. तेथे नवीच अडचण निघाली. मुलींसाठी वसतिगृहच नव्हते.

वसतिगृह नाही कारण मुली येत नाहीत, आणि मुली येत नाहीत कारण वसतिगृह नाही, असा तो पेच होता. दुर्गाबाईंनी वृत्तपत्रात निवेदन दिले. केवळ राहण्याची सोय नसल्यामुळे ज्यांचे विद्यापीठातील शिक्षण अडले आहे अशा मुलींनी आपल्याशी संपर्क साधावा, असा त्याचा आशय होता. मुलींची पत्रे आली. त्यांतल्या काही जणींना बरोबर घेऊन त्यांनी स्वतःच निवासाची व्यवस्था उभी केली आणि विद्यापीठाचे दार उघडून घेतले. स्वतःपुरती खोली मिळवून पदवी घेणे त्यांना अधिक सोपे गेले असते.

पुढे मद्रासला कायद्याचे शिक्षण चालू असताना त्यांच्या घरी शेजारपाजारच्या तेलुगू मुली जमू लागल्या. या मेळ्याला लिटल लेडीज ऑफ बृंदावन असे गमतीदार नाव होते. गाणी, खेळ, नाट्यप्रवेश यांच्या निमित्ताने मुली येत. घरच्यांनाही त्यात धोका वाटत नसे. पण ज्या मुली येत होत्या त्यांच्यापाठोपाठ वेगळ्या मुलीही येऊ लागल्या. कोणी बालविधवा होती, कोणाला नवऱ्याने टाकले होते, कोणाची शाळा वयात येताच बंद झाली होती. यांना गाण्याखेळांपेक्षा काही अधिक हवे होते. पुन्हा पहिलीपासून लहान मुलांबरोबर बसणे त्यांना शक्य नव्हते, आणि शाळाही त्यांना घेत नसत.

दुर्गाबाईंनी त्यांच्यापुढे स्वतः चाललेली वाट ठेवली. बनारसच्या मॅट्रिकसाठी त्यांनी शिकवणीचे वर्ग सुरू केले. अनेक वर्षांचा अभ्यास थोडक्या काळात करून घ्यायचा, परीक्षेला लागेल तेवढेच पण पक्के शिकवायचे आणि मुलींना परीक्षेला नेऊन बसवायचे, असे त्याचे स्वरूप होते. मद्रासमधील या उद्योगातून आंध्र महिला सभा ही संस्था आकाराला आली. संस्थेचा वृक्ष पुढे वसतिगृह, रुग्णालय, परिचारिकांचे प्रशिक्षण, हस्तव्यवसाय असा विस्तारला. त्याचे मूळ मात्र परीक्षेच्या त्या शिकवणीत आहे.

दया दाखवणारे आश्रम त्या काळी देशात होते आणि त्यांचे काम लहान नव्हते. दुर्गाबाईंचा भर आसऱ्यापेक्षा प्रमाणपत्रावर अधिक होता, कारण प्रमाणपत्र हाती आले की शिक्षिका किंवा परिचारिका होऊन पोट भरता येते. शिवाय शिकवणारी बाई स्वतः हीच परीक्षा मोठेपणी देऊन आलेली होती. इंग्रजीच्या कोणत्या पाठाशी अडायला होते आणि नापास होण्याची भीती कशी असते, हे तिला ऐकीव माहितीवरून कळलेले नव्हते.

१९४६ मध्ये त्या मद्रासमधून संविधान सभेवर निवडून गेल्या. सभागृहाचे कामकाज चालवणाऱ्या सभापतींच्या पॅनेलवर त्या एकमेव महिला होत्या. वरिष्ठ सभागृहाच्या सदस्यत्वासाठी पस्तिसाऐवजी तीस वर्षांची वयोमर्यादा असावी, यासाठी त्यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. बारा वर्षांच्या मुलीलाही शिकवता येते हे स्वतः दाखवलेल्या बाईंनी ही सूचना करावी यात नवल नाही. १९५२ ची लोकसभा निवडणूक मात्र त्या हरल्या. त्यानंतर त्यांची नियोजन आयोगावर नियुक्ती झाली आणि १९५३ मध्ये त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

महाराष्ट्राशी त्यांचे नाते जुळले तेही याच वर्षी. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा नोंदणी विवाह झाला. साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडणारे चिंतामणराव मराठी घरांत आजही आदराने आठवले जातात, आणि त्यांची पत्नी ही दुर्गाबाईंची आपल्याकडील ओळख बनली. आंध्रात हीच ओळख उलट दिशेने होते.

मद्रासच्या घरातील शिकवणी १९५८ मध्ये केंद्र सरकारची योजना झाली. प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम या नावाने समाजकल्याण मंडळाने ती देशभर नेली. शाळेचे वय उलटलेल्या स्त्रियांना सुमारे दोन वर्षांत परीक्षेसाठी तयार करायचे आणि त्यांतून खेड्यांना ग्रामसेविका, परिचारिका, सुईणी व शिक्षिका मिळवून द्यायच्या, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागले आणि वर्ग उघडले. सरकारी योजनेत अभ्यासक्रम, मुदत आणि खर्चाचे नियम लिहिता येतात. स्वतः त्या वाटेने गेलेली शिक्षिका प्रत्येक वर्गाला मिळेल अशी तजवीज कोणत्याही नियमावलीत करता येत नाही, आणि मद्रासच्या वर्गाचे अर्धे यश त्या शिक्षिकेत होते, असे या बातमीदारास वाटते.

दुर्गाबाईंनाही याची जाण असावी. त्याच वर्षी स्त्रीशिक्षणावरील राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९५९ च्या अहवालात त्यांच्या समितीने शिक्षिकांची संख्या वाढवण्यावर आणि खेड्यांत त्यांना राहण्यास घरे देण्यावर भर दिला. जेथे शिक्षिका मिळणारच नाही अशा मुलामुलींच्या एकत्र शाळेत निदान एक शाळामाता नेमावी, असेही सुचवले. मुलीच्या नजरेसमोर एक तरी मोठी बाई असावी, म्हणजे घरचे तिला पाठवतील, हा त्यामागचा साधा विचार होता. त्यानंतर स्थापन झालेल्या स्त्रीशिक्षणविषयक राष्ट्रीय परिषदेच्याही त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

१९७५ मध्ये दुर्गाबाई आणि चिंतामणराव या दोघांना एकाच वर्षी पद्मविभूषण सन्मान मिळाला. उतारवयात दोघे हैदराबादेत राहिले. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंचे निधन झाले. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला चिंतामणरावही गेले. आंध्र महिला सभेची महिला महाविद्यालये आणि दुर्गाबाईंच्या नावाचे रुग्णालय हैदराबादेत आजही चालू आहेत.