रोचाची नाणी

घोटाळे हा आपल्याच काळाचा शोध आहे असं मेसमध्ये रोज ऐकायला मिळतं. त्यांनी फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या गृहस्थाची ओळख करून घ्यावी.

पोटोसी हे गाव आजच्या बोलिव्हियात, 4000 मीटर उंचीवर. 1545 मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि स्पेनच्या राजाचं नशीब फळफळलं. खाणीत मरायचे ते सक्तीने आणलेले स्थानिक आदिवासी. टांकसाळीत राबायचे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. इथलं आठ रियालचं नाणं जगभर चालायचं. सुरतेला तर ते वितळवून त्याचे रुपये पाडत.

स्पेनहून आलेला रोचा या गावातला चांदीचा बडा व्यापारी. खाणवाल्यांना उचल द्यायची, त्यांची कच्ची चांदी घ्यायची आणि टांकसाळीत नाणी पाडून घ्यायची, हा धंदा. नियमाप्रमाणे नाण्यात सुमारे 93 टक्के चांदी हवी. ती तपासायची पद्धत मेटलर्जीवाल्यांना माहीत असेलच. नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत तापवायचा. शिसं आणि तांबं राखेत मुरतं, चांदीचा मणी उरतो, तो वजन करायचा. पद्धत अगदी चोख! पण तराजू धरणारा परीक्षक फेलिपे रामिरेझ दे आरेयानोच सामील, मग काय? प्रत्येक नाण्यावर परीक्षकाचं आद्याक्षर असे, म्हणजे चोराने सही करूनच माल सोडला म्हणायचा. तांबं वाढत गेलं. काही नाण्यांत चांदी पाव हिश्श्याने कमी भरली.

युद्धांनी राजा फेलिपे चौथा आधीच कफल्लक झालेला. त्यात जिनोआचे सावकार पोटोसीची नाणी नाकारू लागले. राजाने चौकशीला नेस्तारेस मारिन नावाचा पाद्री धाडला. 1648 च्या अखेरीस तो पोटोसीत पोचला. हा कसला खमक्या! रोचाने भलीमोठी रक्कम भरून सुटायची तयारी दाखवली. पुढे चौकशी अधिकाऱ्यावर विषप्रयोग करवल्याचाही आरोप त्याच्यावर आला. 1650 मध्ये गळा आवळून त्याला मृत्युदंड दिला गेला. परीक्षकही वाचला नाही.

खरी झळ बसली ती साध्या माणसांना. आठ रियालचं नाणं सरकारने एका हुकुमाने 6 वर आणलं. त्यातल्या त्यात बऱ्या नाण्यांवर छाप मारून साडेसात. ज्याची मजुरी गाठीला बांधलेली, त्याचे पाव पैसे बसल्या जागी गेले. त्याने कुठे तक्रार करायची?

1652 मध्ये लाटांवर उभ्या दोन खांबांचं नवं नाणं आलं, म्हणजे जुनं-नवं लांबूनच ओळखू यावं. जुन्या खोट्या नाण्यांना लोकांनी नाव ठेवलं, ‘रोचुना’.