घंटा वाजवत चालणारे संत आणि त्यांचे लहान सोबती



दरवर्षी ३ डिसेंबर रोजी आपण मिशनकार्याचे आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. त्यांचे नाव घेतले की जुन्या गोव्यातील चांदीची पेटी डोळ्यांसमोर येते. पण त्या पेटीत विसावलेली पावले दहा वर्षे वाटेवर होती, आणि त्या वाटेवर त्यांच्यासोबत मुले व तरुण होते, हे आपण विसरतो. माहूरगडाकडे पायी येणारे भाविक आपण नेहमी पाहतो. म्हणून पायी चालणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील झेवियर किल्ल्यात झाला. १९ व्या वर्षी ते पॅरिसला शिकायला गेले. हुशार होते, खेळात तरबेज होते, पुढे तत्त्वज्ञान शिकवूही लागले. मोठे पद व मान मिळवावा हीच इच्छा होती. तेथे संत इग्नेशियस यांची संगत लाभली आणि हळूहळू त्यांचे मन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी सात मित्रांनी देवाला वचन दिले. त्यातून पुढे येशूसंघ उभा राहिला. १५४१ साली, आपल्या ३५ व्या वाढदिवशी, ते लिस्बनहून जहाजात बसले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले.

गोव्यात ते इस्पितळात राहिले. रुग्णांची व कैद्यांची सेवा करून ते हातात घंटा घेऊन रस्त्यावर निघत. घंटेचा आवाज ऐकून मुले धावत येत. त्यांना चर्चमध्ये नेऊन ते प्रार्थना व दहा आज्ञा शिकवीत.

काही महिन्यांतच ते दक्षिणेला, तुतिकोरिन ते कन्याकुमारी या मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील कोळी बांधवांना काही वर्षांपूर्वी बाप्तिस्मा मिळाला होता. पण त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. झेवियर यांना तमिळ येत नव्हते. गोव्याच्या कॉलेजातील तीन स्थानिक तरुण त्यांच्यासोबत होते. दोन्ही भाषा जाणणाऱ्यांना घेऊन ते बसले आणि सुमारे चार महिने खपून प्रार्थना तमिळमध्ये आणल्या. पॅरिसला शिकवणाऱ्या या माणसाने त्या लहान मुलासारख्या तोंडपाठ केल्या. आपल्या किनवट-माहूर भागात कुठे मराठी, कुठे गोरमाटी, कुठे गोंडी बोलतात. लोकांच्या भाषेत देव सांगणे किती कष्टाचे असते, हे आपण जाणतो.

मग घंटा घेऊन गावोगाव फिरणे सुरू झाले. दिवसातून दोनदा मुले जमत. आज शिकलेले घरी आईवडिलांना व शेजाऱ्यांना शिकवायचे, असा त्यांचा नियम होता. मुले इतकी मागे लागत की त्यांना जेवायला व झोपायलाही सवड मिळेना. आजाऱ्यांची बोलावणी येत, पण एकटा माणूस किती घरी जाणार? तेव्हा ते मुलांनाच पाठवीत. मुले घरच्यांना व शेजाऱ्यांना जमवून विश्वासांगीकार म्हणत आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करीत. असे हे लहान सोबतीच त्यांची टीम होते. गाव सोडताना ते प्रार्थनेची लिखित प्रत ठेवीत आणि कोणावर तरी शिकवण्याची जबाबदारी सोपवीत.

ही वाट सुखाची नव्हती. १५४४ साली सैनिकांनी किनाऱ्यावरील गावे लुटली. लोक कन्याकुमारीजवळच्या समुद्रातील खडकांवर लपले आणि भुकेने व तहानेने व्याकूळ झाले. झेवियर होड्यांत अन्नपाणी घालून निघाले. पण वारा उलटा होता, त्यांना माघारी फिरावे लागले. ते थांबले नाहीत. पायी चालत त्या लोकांपर्यंत पोचले.

पुढे मलाक्का, मोलुक्का बेटे व १५४९ मध्ये जपान असा प्रवास झाला. चीनच्या दारात, शांगछ्वान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे ४६. त्या वेळी उशाशी होता अंतोनिओ, गोव्याच्या कॉलेजात शिकलेला चिनी तरुण. त्यांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत जगाला त्याच्याकडूनच कळली. १२ मार्च १६२२ रोजी त्यांना संतपद मिळाले.

आज युवकांची टीम गाडीतून वाड्या-तांड्यांवर येते. गाणी होतात, पथनाट्य होते, प्रार्थना होते, मुले आनंदून जातात. दोन दिवसांनी गाडी निघून जाते. मग काय उरते? येथेच आपण कमी पडतो. मुलांना शिकवणे हे फादरांचे, सिस्टरांचे, टीमचे काम असे म्हणून आपण मोकळे होतो. संध्याकाळी घरात टी.व्ही. चालू असतो आणि जपमाळ खुंटीवर असते. झेवियर यांनाही प्रत्येक गाव सोडावेच लागले. त्यांच्यामागे विश्वास टिकला तो घराघरांत, मुलांच्या तोंडून.

या आठवड्यात एवढे करू या. मुलांना विचारू, आज काय शिकलास, आम्हालाही शिकव. आणि शेजारी कोणी आजारी असेल तर मुलांना सोबत घेऊन भेटायला जाऊ.

संत फ्रान्सिस झेवियर, आमच्या मुलांसाठी व तरुणांसाठी विनंती कर. आमेन.