एड्सगर डाइक्स्ट्रा

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा (११ मे, इ.स. १९३०, रॉटरडॅम, नेदरलँड्स – ६ ऑगस्ट, इ.स. २००२; न्यूनन, नेदरलँड्स) हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांमध्ये सुसूत्रता राखण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. इ.स. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

== जीवन ==
डाइक्स्ट्रा यांचे वडील रसायनशास्त्रज्ञ, तर आई गणितज्ञ होत्या. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असतानाच, इ.स. १९५२ मध्ये, ते ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. हा व्यवसाय तेव्हा इतका अपरिचित होता की, इ.स. १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी तो अधिकाऱ्यांना मान्य झाला नाही आणि त्यांना स्वतःची नोंद सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ अशी करावी लागली. इ.स. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हन येथे गणिताचे प्राध्यापक झाले. इ.स. १९८४ ते इ.स. १९९९ या काळात त्यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले.

== कार्य ==
लघुतम मार्ग शोधण्याची त्यांची रीत इ.स. १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर त्यांचे लक्ष समांतर प्रक्रियांकडे वळले. दोन प्रक्रियांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलली, तर एकीचे काम नकळत पुसले जाते. अशी चूक प्रत्येक वेळी घडत नसल्याने केवळ चाचणीने ती सापडेलच असे नाही. म्हणून प्रोग्रामची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करावी, असा डाइक्स्ट्रा यांचा आग्रह होता. इ.स. १९६५ मध्ये त्यांनी परस्पर वर्जनाच्या समस्येची उकल प्रसिद्ध केली. प्रक्रियांना थांबवणारी व पुढे सोडणारी सेमाफोर ही संकल्पनाही त्यांचीच असून आइंडहोव्हन येथील टीएचई या संचालन प्रणालीत तिचा वापर झाला.

=== समाप्तीची ओळख ===
संगणकातील फोल्डरांचा वृक्ष अनेक प्रक्रियांनी मिळून तपासायचा असेल, तर प्रत्येक फोल्डरमधून नवे उपफोल्डर निघतात आणि कामाची संख्या आधी ठाऊक नसते. क्षणभर एखादी प्रक्रिया रिकामी दिसली, म्हणून काम संपले असे म्हणता येत नाही. अशा पसरत जाणाऱ्या गणनेची समाप्ती ओळखण्याची रीत डाइक्स्ट्रा आणि सी. एस. शोल्टन यांनी इ.स. १९८० मध्ये मांडली. या रीतीत ज्याच्याकडून प्रथम काम मिळाले, तो त्या प्रक्रियेचा पालक ठरतो. स्वतःचे काम संपल्यावर आणि पुढे सोपवलेल्या प्रत्येक कामाची पोच मिळाल्यावरच प्रक्रिया पालकाला पोच देते. मुळाशी असलेली प्रक्रिया रिकामी असून तिला सर्व पोचा मिळाल्या की संपूर्ण गणना संपली, हे निश्चित होते.

== अखेर ==
इ.स. २००२ मध्ये डाइक्स्ट्रा नेदरलँड्सला परतले आणि त्याच वर्षी न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वितरित संगणनातील प्रभावी शोधनिबंधांसाठी दिला जाणारा पुरस्कार इ.स. २००३ पासून त्यांच्या नावाने ओळखला जातो.