विज्ञान वर्धिनीचे संस्थापक : डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावांतील सारखेपणामुळे ही संस्था सुधारकाग्रणी आगरकरांच्या स्मरणार्थ असावी, असा समज सहज होतो. वस्तुतः ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि त्या संस्थेचे संस्थापकही.

त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणचा. शालेय शिक्षण धारवाडला आणि पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. तेथेच ते जीवशास्त्र शिकवू लागले. जीवशास्त्रात पदवी घेणे त्या काळी मुंबईत शक्य होते. पदवीनंतर संशोधन करावे कोठे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राही. आघारकर सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडून वनस्पती आणि प्राणी गोळा करू लागले. सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ वेण्णा नदीचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो व पात्रात डोह उरतात. अशा डोहांत त्यांना नाण्याएवढे पारदर्शक जेलीफिश आढळले. जेलीफिश हा बहुतांशी समुद्रातला प्राणी. गोड्या पाण्यात राहणारी ही प्रजाती तोवर आफ्रिकेतील टांगानिकासारख्या जलाशयांतूनच ठाऊक होती. आफ्रिका आणि सातारा यांच्यामध्ये एवढा समुद्र असताना हा नाजूक जीव दोन्हीकडे कसा, हे कोडे होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांचे लक्ष या तरुण अध्यापकाकडे वळले ते यामुळेच.

कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर आघारकरांची निवड झाली. अधिक अध्ययनासाठी ते १९१४ मध्ये जर्मनीला गेले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रुराष्ट्रातले ठरले आणि त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. आपल्या देशावर राज्य करणाऱ्यांचे प्रजाजन म्हणून परदेशात बंदी होणे, हा दैवाचा विचित्रच न्याय! तरीही अभ्यास सुटला नाही. बर्लिनमध्ये अडोल्फ एंग्लर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९१९ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मुनिरक्याच्या रहिवाशांना परका वाटू नये. वायव्य हिंदुस्थानच्या रुक्ष आणि खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती मुळात आल्या कोठून, आणि त्यांची बीजे वाऱ्याने, पशुपक्ष्यांनी वा आणखी कशाने पसरतात, याचा तो शोध होता. मुनिरक्याला लागूनच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या आवारात अरवलीचे खडक आणि काटेरी झुडपे आहेत. तेथे आज पर्यावरणशास्त्र व जीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी पाहतात त्या विलायती कीकरालाही हाच प्रश्न लागू पडतो; ते झाड तर मूळचे अमेरिका खंडातले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी कलकत्त्यात दीर्घकाळ अध्यापन केले. राष्ट्रीय विज्ञान संस्थेच्या, म्हणजे दिल्लीत कार्यालय असलेल्या आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या, संस्थापक सभासदांत ते होते. १९४६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा साठी ओलांडली होती. विश्रांतीचा अधिकार त्यांनी नक्कीच मिळवला होता. पण त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी स्थापन झाली आणि तिचे संचालकपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. संस्थेच्या इंग्रजी नावात कलकत्त्याच्या जुन्या विज्ञानसंस्थेची छाया स्पष्ट दिसते. तरुणपणी ज्या सोयीसाठी त्यांना महाराष्ट्र सोडावा लागला, ती पुढच्या पिढीला घराजवळ मिळावी, हीच या खटाटोपामागची प्रेरणा असावी.

२ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. १९९२ मध्ये संस्थेच्या प्रयोगशाळांना त्यांचे नाव देण्यात आले. संस्थेला अनुदान देणाऱ्या केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे कार्यालय न्यू मेहरौली रस्त्यावर, मुनिरक्यापासून जवळच आहे. संस्थेने विकसित केलेले गव्हाचे आणि सोयाबीनचे वाण शेतकरी आजही पेरतात. त्या वाणांच्या नावांआधी 'एमएसीएस' ही विज्ञान वर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे असतात.