बर्था बेंझ आणि चामड्याचा तुकडा

ब्रेक म्हटलं की आपल्याला आठवतात फॉर्म्युले आणि व्हायव्हा! मला मात्र बर्था बेंझ आठवतात.

३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावी त्यांचा जन्म झाला. कार्ल बेंझ या इंजिनिअरशी १८७२ साली लग्न झालं. पण त्याआधीच त्यांनी हुंड्याचे पैसे आगाऊ घेऊन त्याच्या बुडत्या वर्कशॉपमध्ये घातले होते. १८८६ मध्ये मोटारगाडीचं पेटंट मिळालं, तेही एकट्या कार्लच्या नावावर. गाडी काही खपेना. सगळा पैसा त्यात अडकलेला, आणि लोकांचा त्या यंत्रावर विश्वासच नाही!

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी काढली. बरोबर युजेन आणि रिचर्ड ही दोन मुलं. मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटर! पेट्रोलची नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने साफ केली. विसलोखच्या औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. पण उतारावर काय करणार? लाकडी ब्रेक दाद देईनात. तेव्हा वाटेत एका मोच्याकडून त्यांनी ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज तीच पहिली ब्रेक लायनिंग मानली जाते.

हे चामडं मला माझ्या सायकलमुळे नीट समजलं. डिस्क ब्रेकला मी आधी रेझिनचे पॅड वापरले. आवाज नाही, थंड असतानाही लगेच पकड. पण पावसाळ्यात सिंहगडाच्या उतारावर चिखलपाण्याने भराभर झिजले. मग मेटलचे घातले. ते उष्णता सोसतात, खूप टिकतात, पण ओले झाले की किंचाळतात आणि डिस्कलाही जास्त झिजवतात. म्हणजे झीज काही चुकत नाही, ती कोणी सोसायची एवढंच आपल्या हातात! स्वस्त, सहज बदलता येणारा तुकडा झिजावा आणि महागाचा भाग वाचावा. बर्थाबाईंचं चामडं नेमकं हेच करत होतं.

काही दिवसांनी त्या गाडी घेऊनच परतल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही त्यांनी कार्लला सांगितलं आणि त्याने तो बसवला. या प्रवासाचा बोलबाला झाला आणि गाडीवर लोकांचा विश्वास बसू लागला.

कार्ल १९२९ मध्ये गेले. १९४४ मध्ये, ९५ व्या वाढदिवशी, कार्ल जिथे शिकले त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने बर्थाबाईंना मानद सिनेटर केलं. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्ग इथे त्यांनी डोळे मिटले.

त्यांच्याकडे डिग्री नव्हती, टेस्टिंग लॅब नव्हती. होता तो खरा रस्ता, आणि गाडीत बरोबर बसलेली स्वतःची दोन मुलं. ब्रेकची याहून कडक परीक्षा कुठली असणार, तुम्हीच सांगा!