फावडे घेतलेला इंजिनिअर

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पुरुष मंडळातील आम्ही चौदा जण मुलांच्या शिबिराच्या जागेवर दोन दिवस श्रमदानाला गेलो होतो. कौले शाकारायची, कुंपणाचे खांब पुरायचे आणि विहिरीकडची वाट दगड लावून बांधून काढायची, असे काम होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच हातांना फोड आले. आमच्यात दोघे जण असे होते की शेताच्या बांधावरून त्यांचे कित्येक वर्षे बोलणे बंद आहे. नेमके तेच दोघे एका घमेल्यावर आले. एक भरत होता, दुसरा उचलत होता. बोलले फक्त कामापुरते.

रात्री जेवणानंतर कोणीतरी विचारले, घरदार सोडून असे एकत्र राहून फुकट राबायचे शिबीर पहिल्यांदा कोणाला सुचले? त्या रात्री कोणालाच धड सांगता आले नाही. म्हणून ही हकीकत.

पिएर सेरेसोल यांचा जन्म १८७९ साली स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात झाला. घराणे मोठे. वडील पॉल सेरेसोल १८७३ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलगा झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात शिकून इंजिनिअर झाला. पुढे आरामात आयुष्य काढता आले असते, पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. अमेरिका, हवाई बेटे, जपान असा प्रवास त्यांनी मिळेल ती नोकरी करीत केला. वडिलोपार्जित पैसा आपल्या कष्टाचा नाही, म्हणून तो त्यांनी सरकारजमा करून टाकला. घरच्यांना काय वाटले असेल, याची आपण कल्पना करू शकतो!

पहिले महायुद्ध सुरू असताना एका तरुण शिक्षकाला सैन्यात जायला नकार दिला म्हणून तुरुंगवास झाला. ती बातमी पिएर यांना फार लागली. त्यांच्यावर स्वतः सैन्यात जाण्याची पाळी नव्हती, पण न जाणाऱ्यांना लष्करी कर भरावा लागे. तो भरायचे त्यांनी नाकारले. त्यापायी पुढे अनेकदा तुरुंगात गेले. हे गृहस्थ आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. प्रॉटेस्टंट घरात वाढले आणि उतारवयात क्वेकर पंथात गेले. पण शत्रूवर प्रीती करा ही प्रभू येशूची आज्ञा त्यांनी अक्षरशः घेतली, आणि ती हातात फावडे घेऊन कशी पाळायची ते शोधत राहिले.

युद्ध संपल्यावर १९१९ आणि १९२० साली हॉलंडमधील बिल्टहोवन गावी निरनिराळ्या देशांतील शांततावादी ख्रिस्ती लोक जमले. ठराव झाले, भाषणे झाली. (सभा कशा असतात ते आपल्याला माहीत आहे.) तिथे एका जर्मन माणसाने सांगितले की आपला भाऊ सैनिक म्हणून फ्रान्समध्ये विध्वंस करून आला, आता आपल्याला तिथे जाऊन काही तरी बांधून द्यायचे आहे. पिएर यांनी ते उचलून धरले.

१९२० च्या नोव्हेंबरात व्हेर्दूंजवळच्या एन गावी काही मोजकी माणसे पोचली. व्हेर्दूंची लढाई १९१६ साली दहा महिने चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख लोक तिथे मेले. एन गावात ढिगाऱ्यांशिवाय फारसे काही उरले नव्हते. हुबर्ट पॅरिस नावाचे इंग्रज क्वेकर पिएर यांच्या जोडीला होते, आणि बाकीच्यांमध्ये जर्मनही होते. ऐन थंडीत या मंडळींनी राहण्यापुरती लाकडी घरे उभारली, तोफगोळ्यांचे खड्डे बुजवले, रस्ता दुरुस्त केला. मजुरी एक पैसाही नाही. ज्या घरातला मुलगा जर्मनांच्या गोळीने गेला, त्या घरासमोर जर्मन माणूस कुदळ मारीत होता. गावकऱ्यांच्या मनात काय चालले असेल!

पाच महिन्यांनी अधिकाऱ्यांनी सांगितले, जर्मनांना काढा. बाकीचे राहिलेत तरी चालेल. काम अर्धवट होते, आणि जर्मनांना निरोप देऊन उरलेल्यांनी ते पुरे केले असते तर गावाचे भलेच झाले असते. पण जर्मनांना वगळले तर ज्यासाठी आलो तेच जाते, असे ठरवून १९२१ च्या वसंतात सगळे मिळून निघून गेले. आमच्या मते हा निर्णय सोपा नव्हता, आणि त्यात गावातल्या बेघर लोकांचे नुकसान झालेच. तरीही जगातले पहिले आंतरराष्ट्रीय श्रमशिबीर म्हणून आज एनचेच नाव घेतले जाते.

पुढची तीन वर्षे तसे काही घडले नाही. मग १९२४ साली आल्प्समधील ऑर्मों खोऱ्यात हिमकडा कोसळला आणि पिएर पुन्हा माणसे घेऊन गेले. या वेळी मदतीला त्यांचे सख्खे भाऊ अर्नेस्ट होते, आणि ते स्विस सैन्यात कर्नल! एक भाऊ लष्करी कर भरत नाही म्हणून तुरुंगात जातो, दुसरा लष्करात अधिकारी, आणि दोघे एकाच ढिगाऱ्यावर दगड उपसतात. शिबिराला शिस्त लागली ती या कर्नलसाहेबांमुळे.

सर्वांत मोठे काम १९२८ साली चिमुकल्या लिश्टेनश्टाइन देशात झाले. आदल्या वर्षी ऱ्हाइन नदीचा बांध फुटून शेते दगडगोट्यांखाली गाडली गेली होती. वीसेक देशांतून सातशेहून अधिक स्वयंसेवक आले. स्वयंपाक आणि कपडे धुणे स्त्रियांनी सांभाळले. त्यांना तिथे भगिनी म्हणत. (आमच्या शिबिरात भात आम्हीच शिजवला. तो खाणाऱ्यांनी त्याबद्दल न बोललेले बरे.)

आपल्या देशाशी त्यांचे नाते जुळले ते १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाने. दहा हजारांवर माणसे गेली. गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये स्वित्झर्लंडला आले होते तेव्हा पिएर यांची त्यांच्याशी भेट झाली होती. बिहारमधील मदतकार्याची धुरा राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होती. पंचावन्न वर्षांचे पिएर बोटीने आले, पाहणी करून गेले आणि मोजके साथीदार घेऊन परत आले. भूकंपानंतर मुझफ्फरपूर भागातील सखल गावे पुराच्या पाण्यात जाऊ लागली होती. ती उंच जागी हलवून नव्याने वसवायची, हे काम त्यांनी १९३७ पर्यंत गावकऱ्यांबरोबर केले. भाषा येत नाही, उन्हाळा सोसत नाही. पण इंजिनिअरची विद्या इथे कामी आली.

दुसऱ्या महायुद्धात ते परवान्याविना सीमा ओलांडून जर्मनीत शिरले. तिथल्या लोकांशी युद्ध थांबवण्याबद्दल बोलायचे होते. अर्थातच पकडले गेले आणि पुन्हा तुरुंग. कित्येकांनी त्यांना वेड्यात काढले. शरीर थकले, हृदय दुबळे झाले आणि २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, ते वारले. सैन्याऐवजी नागरी सेवा करण्याची मुभा त्यांनी जन्मभर मागितली. स्वित्झर्लंडमध्ये तसा कायदा लागू झाला तो १९९६ साली.

शिबिराच्या जागेचे काम अजून उरले आहे. विहिरीकडची वाट झाली, कुंपण मागच्या बाजूने अर्धेच आहे. पुढच्या खेपेसाठी नावे घेणे चालू आहे; त्या दोघांपैकी एकाने नाव दिले आहे. इच्छुकांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर मंडळाच्या सभासदांना भेटावे. पहारी दोनच आहेत, ज्यांच्या घरी असेल त्यांनी कृपया बरोबर आणावी.