बय : प्रबोधनकार ठाकरे यांच्या घरातला एक शब्द



आपल्या ओवे गावात लहान मुलीला प्रेमाने 'बाय' म्हणतात. घरातल्या मोठ्या बाईला कुणी 'बय' म्हणतं. पण निबंध लिहायला बसलं की हा शब्द आपण खोडतो आणि तिथे 'माझी पूज्य आजी' असं लिहितो. का बरं? घरचा शब्द छापण्यालायक नसतो, असं आपल्याला वाटतं म्हणून. आज आपल्याच पनवेलच्या एका पत्रकाराची गोष्ट वाचू. त्यांना तसं वाटलं नाही.

केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेल इथे झाला. घरची परिस्थिती बेताचीच. आजीला ते 'बय' म्हणायचे. ही बय सुईणपण करायची. कुणाच्याही घरी बाळंतीण अडली की जातपात न विचारता ती धावून जायची.

केशव शाळेत असतानाची एक आठवण त्यांनी सांगितली आहे. एका महाराची सावली त्यांच्यावर पडली, म्हणजे ते बाटले, असा बोभाटा झाला. बयने काय केलं? एका ब्राह्मण मुलाला बोलावलं आणि त्याची सावली नातवावर पाडली. महाराच्या सावलीने माणूस महार होत असेल, तर ब्राह्मणाच्या सावलीने तो ब्राह्मणही झाला पाहिजे, असा तिचा साधा हिशोब. ती पुस्तकं शिकलेली नव्हती, पण तिचा हा प्रश्न नातवाला जन्मभर पुरला.

पुढे फीसाठी दीड रुपया कमी पडला, म्हणून केशवरावांची मॅट्रिकची परीक्षा हुकली. तरी वाचन सुटलं नाही. सरकारी नोकरीत असतानाच १६ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांनी 'प्रबोधन' हे पाक्षिक सुरू केलं. नंतर ती नोकरीही सोडली. अस्पृश्यता, हुंडा, धर्माच्या नावाने चालणारी लुबाडणूक यांवर त्यांनी सडकून लिहिलं. त्यांची भाषा तिखट होती. विरोधक चिडायचे, पण वाचक अंक हातात आला की सोडायचे नाहीत. लोकांनी या पत्राचंच नाव त्यांना दिलं आणि केशवराव 'प्रबोधनकार' झाले. घरात मात्र ते 'दादा'च राहिले.

बघा, एकाच माणसाला दोन नावं. एक छापखान्यातून आलेलं, एक घरातून आलेलं. उतारवयात 'माझी जीवनगाथा' हे आत्मचरित्र लिहिताना त्यांनी या दोन्हींत भिंत घातली नाही. मोठमोठ्या पंडितांशी वाद घालणाऱ्या या लेखणीने आजीला 'बय'च ठेवलं. तिला 'मातोश्री' किंवा 'पितामही' केलं असतं, तर मान कदाचित वाढला असता, पण आपल्या ओळखीची आजी हरवली असती. 'बय' म्हटल्याबरोबर ती पनवेलच्या घरातून लगबगीने बाहेर पडताना दिसते. २० नोव्हेंबर १९७३ रोजी प्रबोधनकार गेले. बय मात्र त्या शब्दासह छापील पानावर राहिली.

आजही वर्तमानपत्रात वाढदिवसाच्या किंवा श्रद्धांजलीच्या जाहिराती नीट वाचा. पूर्ण नावापुढे कंसात बाय, ताई, आबा, भाऊ असं काहीतरी छापलेलं असतं. पूर्ण नाव वाचून कधीकधी कळत नाही, पण कंसातला शब्द वाचला की अख्खं गाव ओळखतं, अरे, ही तर आपली बाय!

तेव्हा मुलांनो, प्रमाणभाषा नीट शिकायचीच. प्रबोधनकारही ती उत्तम लिहायचे. पण माणूस आपला असेल, तर त्याला हाक मारायचा शब्दही आपलाच असू द्या. तो खोडू नका.

स्वाध्याय : तुमच्या घरात आजीला कोणत्या नावाने हाक मारतात? तो शब्द न बदलता तिच्यावर दहा ओळी लिहा आणि तिलाच वाचून दाखवा.